पहिली ओंजळ

सत्काराची शाल घरी आली, तेव्हा चैतराम गहाणेनं ती उलगडूनसुद्धा पाहिली नाही. ट्रंकेच्या तळाशी, जुन्या सतरंजीखाली दाबून ठेवली आणि कुलूप लावलं. नंदाबाईला वाटलं, नवरा लाजला. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोचा अंदाज होता, अगदीच चुकला नव्हता. लाज होतीच. ती कशाची, एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

सत्कार झाला होता सिंदी नाल्याच्या नव्या घाटावर. गोंदिया शहराच्या पोटातून जाणारा हा नाला दोन वर्षांपूर्वीपर्यंत कुणी नाक दाबल्याशिवाय ओलांडत नसे. ज्याच्या घरात जे नको ते नाल्यात, असा साधासोपा कायदा होता. मग तो सुधारायचं ठरलं. वस्त्यांची गटारं वेगळ्या मोठ्या नळात वळवली, कचऱ्याचे ढीग ट्रकांनी उपसले, खालच्या अंगाला छोटा बंधारा घालून पाणी अडवलं. काठाला दगडी पायऱ्या आल्या, चालायची वाट आली, करंज-जांभळाची रोपं आली. आणि आपल्याकडे दगडाची चार कामं झाली की एक सत्कार ठेवावाच लागतो, तसा तो दिवाळीनंतर ठेवला.

सत्कारासाठी माणूस हवा होता. चैतराम हाताशीच होता. एक तर तो केशोरीकडचा, तलाव बांधण्यात पिढ्या घातलेल्या कोहळी घरातला. शिवाय त्याची एकुलती एक लेक हर्षा याच कामावर कंत्राटी इंजिनिअर. साठी उलटलेला, राइस मिलमधून मिस्त्री म्हणून निवृत्त झालेला, धोतर-टोपीत फोटोला शोभेल असा माणूस. हातात माइक आला आणि गडी खुलला.

"आमच्या इकडं तलावाच्या पारीच्या, म्हंजे मातीच्या बांधाच्या, पोटातून पानी सोडाची दगडी मोरी राह्यते. तिले तुडूम म्हनतात," तो म्हणाला. "तिचं तोंड पान्याच्या खालीच राह्यते, वरून कोनाले दिसत नाई. लाकडाचा बूच उपसला का पानी धानाच्या बांधीत. आता ज्यानं तुडूम बांधला, त्यानं पहिलं पानी सुटलं का साऱ्या गावासमोर बसाचं आन पहिली ओंजर त्यानं पेवाची. मंग बाकीच्याइचं धान. माहा बाप बकाराम असाच बसे. काऊन? तर ज्यानं बांधलं त्याच्या पोटात आधी गेलं पायजे. वाईट असंल तं आधी त्याले बाधंल."

टाळ्या पडल्या. हर्षानं तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन वाजवल्या. अध्यक्षांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की नाल्याचं पाणी तपासणीत पास झालं की पहिली ओंजळ चैतरामजींच्याच हातून घेऊ. चैतरामनं मान डोलावली. माइक परत देताना त्याच्या तळहाताला घाम सुटला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

त्याचं झालं होतं असं.

बकाराम हा पाच गावांचा तुडूमवाला. शिक्षण शून्य, पण पाण्याची चाल पायानं ओळखायचा. "पान्यावर जबरदस्ती करू नोको, त्याले इचार," हे त्याचं लाडकं वाक्य. थंडीच्या दिवसांत तो चैतरामला केशोरीच्या तलावात अनवाणी चालवायचा. पाय गार पडत पडत मध्येच कुठं कोमट लागला, की म्हणायचा, "थांब. अठी खालून दुसरं पानी येऊन राहिलं." आणि खरंच तिथं झरा असायचा. पुढं चैतरामनं हीच विद्या सहा वर्षांच्या हर्षाला त्याच तलावात दिली. पोरगी कोमट जागा सापडली की किंचाळायची आणि तिथंच उड्या मारायची.

आणि त्याच वर्षी, म्हणजे एकवीस वर्षांपूर्वी, ईश्वरदास सेठनं चैतरामला आपल्या खोलीत बोलावलं होतं. सेठची मिल उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. उसन्यासाठी धान रात्रभर गरम पाण्याच्या हौदात भिजवायचं, सकाळी ते पाणी सोडून द्यायचं. ते पाणी पिवळट-काळं असतं, कोमट असतं आणि त्याला असा आंबूस वास येतो की जेवलेलं वर यावं. शेजारपाजाऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या, तपासणीवाले येणार होते. पाणी शुद्ध करायची टाकी सेठनं बांधून घेतली होती, पण ती चालवायचा त्रास आणि खर्च दोन्ही त्याला नको होते.

"चैतराम, तू तो तालाब बनानेवालों के खानदान का है," सेठ म्हणाला. "पानी जाए, मगर जाता हुआ दिखे नहीं. ऐसा काम पूरे गोंदिया में तेरे सिवा कौन करेगा?"

सेठनं त्याला धमकावलं असतं, तर सांगायला सोय होती. पैशाचं आमिष दाखवलं असतं, तरी गरिबीच्या नावावर खपवता आलं असतं. पण सेठनं नुसतं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा चढला. मिलमध्ये वीस वर्षं विटा रचणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणी त्याच्या घराण्याची विद्या विचारली होती. अकरा दिवसांत त्यानं तुडूम बांधला. टाकीच्या तळाशी लाकडी बूच, तिथून जमिनीखालून नळ, आणि नळाचं तोंड पाव कोसावरच्या नाल्यात, जुन्या रपट्याच्या, म्हणजे ठेंगण्या पुलाच्या खाली, पाण्याच्या पातळीपासून हातभर खोल. पहाटे बूच उपसला की कुणाला काही दिसत नसे. उतार इतका नेमका, की नळात गाळ साचत नव्हता.

वाईट सांगायचं तर त्याला त्याचा अभिमान होता. पुढं कितीतरी वर्षं तो रपट्यावरून जाताना हळूच खाली पाही आणि मनात म्हणे, बापालाही असा साधला नसता. दोन वर्षांत नाल्यातले मासे गेले. पोरांचं पोहणं बंद झालं. पण तोवर शहरही अंगावर आलं होतं, सगळ्यांचंच नको ते नाल्यात येत होतं, आणि सगळ्यांच्या घाणीत आपली घाण वेगळी थोडीच ओळखू येते? सेठ वारला. मिल त्याच्या मुलाकडं गेली. बूच उपसणारे मजूर बदलत गेले, त्यांना एवढंच ठाऊक की पहाटे हा दांडा वर ओढायचा. पाणी कुठं जातं हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. जाणणारा एकटा चैतराम उरला.

आणि आता नाला स्वच्छ व्हायला लागला, हीच मोठी पंचाईत झाली. एकेका वस्तीची घाण निघून गेली तशी ती एकट्याची घाण उघडी पडत चालली.

पावसाळ्यात पाणी बरं होतं. नवं धान मिलमध्ये आलं, हौद भरायला लागले, आणि डिसेंबरात रपट्याच्या खालच्या अंगाचं गवत जळालं. सोडलेली मासोळी पांढऱ्या पोटानं वर आली. हर्षा रोज बाटल्या भरून नेई आणि रोज तोंड पाडून येई.

"रपट्याच्या वर पानी चांगलं आहे बाबा, खाली खराब," ती जेवताना म्हणाली. "आन मधात फक्त चुन्नीलालकाकाचा गोठा. साहेब म्हनतात, गोठाच तोडू. पन शेनाचा वास असा आंबट येते का?"

चैतरामनं वरणाचा भुरका मारला आणि उत्तर देण्याइतकं तोंड रिकामं राहणार नाही याची काळजी घेतली.

"तुमी या ना एक डाव," ती म्हणाली. "तुमाले पान्याचं समजते."

तो गेला. न जाऊन सांगणार काय? सकाळी आठ वाजता बाप-लेक नाल्यात उतरले. हर्षाच्या पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कारण तसा नियम होता. चैतराम अनवाणी. वरच्या अंगापासून तो एकेक पाऊल टाकत आला. इथं झिरपा आहे, इथं गाळ उरला आहे, इथं काठ खचेल, असं सांगत आला आणि त्याचं प्रत्येक बोलणं खरं होतं. हर्षा वहीत लिहून घेत होती. रपट्याच्या तोंडाशी आला तेव्हा त्याच्या घोट्याला कोमट पाणी लागलं. तो झटकन काठावर चढला, रपट्याला वळसा घालून पलीकडं उतरला आणि म्हणाला, "तठी दगडं लई निसटते आहेत."

हर्षानं लिहिलं: रपट्याखाली दगड निसरडे. बापाचा शब्द तिनं तपासून पाहिला नाही. त्याला वाटलं, तिनं तपासला असता तर बरं झालं असतं, आणि तपासला नाही म्हणून लगेच सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची त्याला आयुष्यात सगळ्यांत जास्त किळस आली.

चौथ्या दिवशी चुन्नीलालला नोटीस लागली. शनिवारी गोठा काढणार.

चुन्नीलाल गवळी नाल्याच्या काठावर तीस वर्षं होता. सहा म्हशी, टिनाचं छप्पर, बाहेर एक बाज. हर्षा दुधावर वाढली ती याच्या म्हशींच्या. रोज संध्याकाळी चैतराम त्या बाजेवर बसून चहा पीत असे, आणि चुन्नीलाल सगळ्या जगाला शिव्या देत असे. त्या दिवशी त्यानं कुणालाच शिवी दिली नाही.

"भैया, बिटिया को बोलो ना," तो म्हणाला. "मी गोबर नाल्यात नाही टाकत, तुम्हाला तर मालूम आहे. सगळा खाद बनवून विकतो. आता या उमरमें भैंसी लेके मैं कहाँ जाऊँ?"

"पाहतो," चैतराम म्हणाला.

"आप बोलोगे तो वो मान जाएगी. तुमची इज्जत आहे."

चैतरामनं अर्धा प्यालेला कप तसाच बाजेखाली ठेवला आणि पोट बिघडल्याचं सांगून उठला. करून सवरून नामानिराळं राहायला फार अक्कल लागत नाही. ज्याचा गळा कापला जातोय त्याच्या हातचा चहा संपवायला मात्र जे लागतं, ते चैतरामकडं नव्हतं.

घरी नंदाबाई तांदूळ निवडत होती. खाली मान घालूनच तिनं विचारलं, "चुन्नीलालसाठी पोरीले बोलले का?"

"मी काय बोलू? सरकारी काम हाये."

"चार दिस झाले, तुमी पोरीकडं पाहून बोलत नाई. काऊन, ते मले मालूम नाई. पन चुन्नीलाल खोटा नाई, एवढं मले मालूम हाये." तिनं सूप झटकलं आणि आत गेली.

खाई त्याला खवखवे. शुक्रवारभर त्यानं मनाशी हिशोब मांडून पाहिले. नळ गुपचूप बुजवता येईल का? कुणी कचरा टाकू नये म्हणून रपट्याशी पहारा होता. सेठच्या पोराला सांगून बूच बंद करवावा? मग तो विचारील, तुम्हाला कसं ठाऊक. निनावी चिठ्ठी टाकावी? हा विचार त्याला पुरा अर्धा दिवस आवडला. चिठ्ठी लिहायला बसलासुद्धा. पण हर्षा त्याचं अक्षर ओळखणार, आणि दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायचं तर त्याला सांगावं लागणार. कागद चुलीत गेला.

शनिवारी सकाळी यंत्र आलं. जेसीबीचा पिवळा हात गोठ्याच्या टिनावर थांबला होता. म्हशी बाहेर बांधलेल्या, चुन्नीलाल एकीच्या पाठीवर हात ठेवून उभा. साहेब मफलर गुंडाळून घड्याळ पाहत होते. हर्षा फाइल घेऊन बाजूला. बघ्यांची गर्दी, त्यांना काय, सिनेमाच.

चैतराम काठावर आला. चपला काढल्या. धोतराचा काचा मारला आणि थेट रपट्याखाली उतरला, जिथं तो मागच्या वेळी उतरला नव्हता. पाणी कोमट होतं. मिलमध्ये बूच पहाटेच उपसलेला असणार.

"हर्षा," त्यानं हाक मारली. "बूट काढून अठी ये."

"बाबा, आता नाई, आता—"

"ये म्हनलो ना."

तिनं काय वाचलं त्याच्या चेहऱ्यावर कोण जाणे. तिनं बूट काढले आणि पाण्यात उतरली. तीन पावलं गारेगार पाण्यातून आली, चौथ्या पावलाला थबकली. केशोरीच्या तलावात थबकायची तशीच. फक्त या वेळी किंचाळली नाही. हात कोपरापर्यंत बुडवून तिनं चाचपलं आणि तिला नळाचं तोंड लागलं.

"इथं नळ आहे," ती साहेबांकडं पाहून म्हणाली. मग पुन्हा चाचपलं. तोंडाभोवती दगड कसे बसवलेत, ते तिच्या बोटांना कळत होतं. इंजिनिअर होती, कामाची जात ओळखत होती. "हे तं एकदम पक्कं काम आहे. हे कोनं बांधलं?"

चैतरामच्या जिभेवर ईश्वरदास सेठचं नाव आलं. मेलेला माणूस, तक्रार करायला येणार नव्हता. साहेबांनाही नाव हवंच होतं. सांगितलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं.

तो नळाच्या तोंडाशी पाण्यात बसला. दोन्ही हात बुडवले, ओंजळ भरली आणि प्यायला.

ओकारी आली. ती दाबून त्यानं उरलेलंही प्यायलं. हर्षा जागच्या जागी गोठली. घाटावर टाळ्या वाजवताना तिनं ती रीत बापाच्याच तोंडून ऐकली होती, तिला अर्थ सांगायची गरज नव्हती.

चुन्नीलालनं मात्र ती रीत ऐकली नव्हती. सत्काराच्या वेळी तो दूध काढत होता. तो धावत खाली आला, हातात स्वच्छ पाण्याचा लोटा.

"अरे भैया, ये क्या किया! मेरी भैंसी के वास्ते? इनको दिखाने के लिए गंदा पानी पी लिया?" त्याचे डोळे भरून आले होते. "लो, कुल्ला करो. सगा भाई भी इतना नहीं करता."

चैतरामनं लोट्याला हात लावला नाही. नुसतं पिऊन भागेल असं त्याला वाटलं होतं. आता तोंडानंही सांगावं लागणार होतं, आणि तेही याला.

"तुह्यासाठी नाई गा, चुन्नीलाल," तो म्हणाला. "हे मीच बांधलो. मिलचं पानी हाये हे. एकवीस वर्सं झाले. तुह्या गोठ्याचं नाव निंघालं तवाही मले मालूम होतं. मी तुह्या बाजेवर बसून चहा पेलो."

चुन्नीलालनं लोटा पायरीवर ठेवला, मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा उचलला आणि वर जाऊन म्हशीपुढच्या घमेल्यात रिकामा केला. यंत्राचा हात मागं सरला. साहेब फोनवर मिलचा पत्ता विचारू लागले आणि हर्षाला म्हणाले, पंचनामा करून टाका.

हर्षा वर आली. ओल्या पायांनीच पायरीवर बसून तिनं फाइल मांडीवर घेतली. तिचं अक्षर सरळ येत होतं. जागा लिहिली, वेळ लिहिली, नळाची खोली लिहिली. मग थांबली.

"पूर्ण नाव?" तिनं विचारलं. मान वर केली नाही.

"तुले मालूम हाये ना, बाई."

"सांगावं लागते."

"चैतराम," तो म्हणाला. पुढचं नाव बापाचं. केशोरीच्या पाळीवर गावासमोर ओंजळ पिणारा म्हातारा त्याला दिसला. त्याला या कागदात ओढायचं नव्हतं, पण नावाला वळसा घालता येत नाही. "बकाराम. गहाणे."

तिनं लिहिलं. साहेबांनी कागद घेतला आणि जमलेल्या पंचांसमोर नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचला. बेकायदा नळ बांधणारा: चैतराम बकाराम गहाणे. ते ऐकताना चैतरामनं मान ताठ ठेवली, तेवढं त्याला जमलं. मग साहेबांनी खालची ओळ वाचली. पंचनामा करणार: हर्षा चैतराम गहाणे.

तेव्हा मात्र त्याची मान खाली गेली, आणि हर्षानं बूट घालून घरी चला म्हणेपर्यंत ती त्याला वर करता आली नाही.